कानातला आवाज आणि मनावरचा ताण: सुरुवात कुठून करायची, पुढे कसं जायचं

दिवे मालवले, पंखा बंद केला, घर शांत झालं की किर्रर्र सुरू होतं. कुणाला ते रातकिड्यांसारखं वाटतं, कुणाला न थांबणाऱ्या कुकरच्या शिट्टीसारखं, तर कुणाला रस्त्याकडेच्या डीपीजवळ उभं राहिल्यावर येते तशी गुणगुण. बाहेर काही वाजत नसताना कानात किंवा डोक्यात ऐकू येणाऱ्या या आवाजाला डॉक्टर टिनिटस म्हणतात. सुश्रुतसंहितेत कानाच्या २८ रोगांमध्ये ‘कर्णनाद’ येतो, म्हणजे तक्रार नवी नाही. २०२२ साली जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. त्यात साधारण १४ टक्के प्रौढांना टिनिटस जाणवतो आणि साधारण २ टक्क्यांना त्याचा तीव्र त्रास होतो, असं दिसलं. हा लेख या २ टक्क्यांसाठी आहे. ज्यांची झोप उडाली आहे, ज्यांनी धसका घेतला आहे, घरच्यांवर चिडचिड होते म्हणून ज्यांना अपराधी वाटतं, त्यांच्यासाठी.

उरलेल्या १२ टक्क्यांचा आवाज हळू असतो म्हणून त्यांना त्रास होत नाही, असं आपण धरून चालतो. मोजलं तर तसं निघत नाही. तपासणीच्या खोलीत बाहेरचा आवाज लावून टिनिटसशी जुळवला, तर बहुतेकांमध्ये तो त्यांच्या ऐकू येण्याच्या पातळीपेक्षा थोडेच डेसिबल वर असतो. जो माणूस त्याला ‘विमानाचं इंजिन’ म्हणतो त्याचाही तेवढाच आणि जो ‘हो, येतो कधीकधी’ म्हणतो त्याचाही साधारण तेवढाच. फरक पडतो तो मेंदू त्या आवाजाला काय समजतो यामुळे.

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकणं चांगलं असलेल्या ८० जणांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं सांगितलं. आपली ऐकण्याची यंत्रणा मुळात थोडी वाजतच असते. वयाने, गोंगाटाने किंवा आजाराने आतल्या कानाच्या पेशी झिजल्या की मेंदूकडे येणारा संदेश क्षीण होतो आणि मेंदू आपला ‘व्हॉल्यूम’ वाढवतो. त्यात ही आतली वाजणूकही मोठी होते. इथपर्यंत हा कानाचा मामला आहे. पुढे मेंदूतलं धोका ओळखणारं केंद्र त्या आवाजावर ‘सावध राहा’ असा शिक्का मारतं. छाती धडधडते, मान आखडते, लक्ष पुन्हापुन्हा तिकडेच जातं. लक्ष गेलं की आवाज मोठा वाटतो आणि शिक्का आणखी पक्का होतो. पिठाच्या गिरणीवाल्याला दिवसभराची घरघर ऐकूही येत नाही, पण पट्टा घसरल्याचा बारीक आवाज त्याला लगेच कळतो, कारण तो महत्त्वाचा आहे हे मेंदूने ठरवलेलं असतं. तुमच्या मेंदूने टिनिटसला घसरलेला पट्टा ठरवलं आहे. पुढचं सगळं काम हा शिक्का पुसण्याचं आहे. आवाज बंद करण्याच्या मागे लागलं की तोच शिक्का गडद होतो. म्हणून इथे आवाजाच्या नाही, त्रासाच्या मागे जायचं आहे.

आधी कानाची तपासणी, आणि ती एकदाच नीट

मनावर काम करायचं म्हणून कान सोडून द्यायचा नाही. मनात ‘कदाचित गाठ असेल’ हा किडा वळवळत असेल तर पुढचा कोणताही उपाय रुजत नाही.

काही लक्षणांत दिवस मोजत बसू नका. एका किंवा दोन्ही कानांचं ऐकणं तीन दिवसांच्या आत अचानक कमी झालं असेल, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. यात स्टिरॉइड जितकं लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त असते आणि पहिले दोन आठवडे मोलाचे असतात. ‘सर्दीने दडा बसलाय, उतरेल’ म्हणत इथेच बरेच लोक वेळ घालवतात. टिनिटससोबत चेहरा एका बाजूला वाकडा झाला, तोल जाऊन उभं राहता येईना, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर आवाज सुरू झाला, तर थेट रुग्णालय गाठा. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक असा येत असेल किंवा फक्त एकाच कानात असेल, तर त्यात घाई नाही, पण तपासणी टाळायची नाही. अशा वेळी डॉक्टर स्कॅन सांगू शकतात.

बाकीच्यांसाठी तपासणी सोपी आहे. कानात डोकावून मळ आणि पडदा पाहणं, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याचा आलेख, आणि मधल्या कानाच्या दाबाची तपासणी. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. जास्त मात्रेतली ॲस्पिरिन, क्विनीन, जेंटामायसिन आणि ॲमिकासिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या यांचा कानाशी संबंध असतो. पण यातलं कोणतंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

उठण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. माझं ऐकणं कुठे आणि किती कमी आहे? धोक्याचं काही दिसतंय का? श्रवणयंत्राचा उपयोग होईल का? पुन्हा कधी आणि कशासाठी यायचं? उत्तरं कागदावर लिहून घ्या. रात्री दोन वाजता हा कागद कामाला येतो.

‘यावर काही इलाज नाही, सवय करून घ्या’ एवढंच ऐकून बाहेर पडलेल्या माणसाचा त्रास पुष्कळदा त्याच दिवसापासून वाढतो. वाक्य पूर्ण खोटं नाही, पण अर्धंच आहे. आवाज कायमचा घालवणारी गोळी आज नाही हे खरं. त्रास कमी करणारे उपाय आहेत हेही तितकंच खरं, आणि सवय कशी लावायची हे शिकवता येतं.

ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्राला नाही म्हणू नका. बाहेरचे आवाज मेंदूपर्यंत पोचू लागले की त्याला व्हॉल्यूम ताणायची गरज उरत नाही, आणि समोरचा काय म्हणतोय ते ऐकण्यासाठी जी दिवसभराची धडपड होते, ती कमी झाली की संध्याकाळची चिडचिडही उतरते. यंत्राला सरावायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट बोचतो म्हणून पहिल्याच आठवड्यात ते कपाटात ठेवू नका.

लसणाचं तेल, कोमट तेल किंवा अनोळखी थेंब कानात घालू नका. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं आणि संसर्ग होतो. जिंकगो, झिंक, मेलाटोनिन यांच्या गोळ्या टिनिटससाठी घेऊ नयेत, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. चक्करीसाठी असलेलं बीटाहिस्टिन आपल्याकडे टिनिटससाठीही सर्रास लिहून दिलं जातं. चक्कर नसेल तर त्याने टिनिटस कमी होतो याला आधार सापडलेला नाही.

मनाची लक्षणं ओळखा आणि मोजा

ती एकेकटी येत नाहीत. सगळ्यांत आधी झोप बिघडते. मग चिंता येते: पोटात गोळा, धडधड, ‘हे वाढलं तर?’ त्यानंतर एकाग्रता जाते, वाचलेला परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो. बरेच महिने गेले की उदासपणा: आवडीच्या गोष्टीत मन न लागणं, फोन न उचलणं. चिडचिड मात्र पहिल्या दिवसापासून असते आणि माणूस तिचं बिल स्वतःच्या स्वभावावर फाडतो. काहींना साधे आवाजही, ताटं ठेवल्याचा किंवा नळाखाली बादली भरल्याचा, असह्य होतात.

दोन सवयी लक्षण वाटत नाहीत, पण सगळ्यांत जास्त नुकसान त्याच करतात. पहिली चाचपणी: सकाळी डोळे उघडताच ‘आहे का अजून?’ म्हणून ऐकणं, कानात बोट घालून पाहणं, बाथरूमचं दार लावून आवाजाची उंची तपासणं. दुसरी टाळाटाळ: लग्न नको, भजन नको, लोकलचा प्रवास नको, घरातसुद्धा कानात बोळे. चाचपणीने मेंदूला रोज सांगितलं जातं की ही गोष्ट महत्त्वाची आहे. बोळ्यांमुळे बाहेरचं जग गप्प होतं आणि आतलं आणखी मोठं वाटतं.

‘मला वेड लागतंय का?’ ही भीती पुष्कळांना असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. टिनिटसमध्ये शिट्टी, गुणगुण, सूंसूं ऐकू येते. त्यात अर्थ नसतो. कुणीतरी बोलतंय, नाव घेऊन हाक मारतंय, हुकूम देतंय असे शब्द ऐकू येत असतील तर ती वेगळी बाब आहे आणि मानसोपचारतज्ज्ञांना लगेच सांगायची आहे. फक्त शिट्टी ऐकू येणं हे वेडाचं लक्षण नाही.

आता मोजमाप. टिनिटससाठी टीएचआय नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली १९९६ पासून वापरात आहे. ‘हो’ला ४, ‘कधीकधी’ला २, ‘नाही’ला ० गुण, एकूण १००. ० ते १६ म्हणजे नगण्य त्रास, १८ ते ३६ सौम्य, ३८ ते ५६ मध्यम, ५८ ते ७६ तीव्र आणि ७८ च्या पुढे अतितीव्र. श्रवणतज्ज्ञांकडे ती मिळते. सोबत उदासपणासाठी पीएचक्यू-९ (कमाल २७) आणि चिंतेसाठी जीएडी-७ (कमाल २१) भरा. या दोन्हींपैकी एकीत जरी १० किंवा त्याहून जास्त गुण आले, तर घरगुती उपायांवर थांबू नका, तज्ज्ञांना भेटा. पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नात मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल विचारलेलं असतं. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

प्रश्नावली दर चार आठवड्यांनी एकदाच भरायची. रोज वहीत ‘आज आवाज ७, काल ६’ असं लिहिणारे लोक बरं होण्याच्या नादात चाचपणीचीच सवय लावून घेतात. लिहायचं असेल तर काय केलं ते लिहा: किती तास झोप, कुठे गेलो, किती वेळ कामात मन रमलं.

पहिला आठवडा: शांतता हटवा

पूर्ण शांतता हा टिनिटसचा सगळ्यांत मोठा लाउडस्पीकर आहे. उन्हाळाभर ज्यांना फारसं जाणवत नाही, अशांचा आवाज थंडीत पंखा बंद झाला की ‘वाढतो’. कान तोच, आवाज तोच, फक्त मागचा आवाज गेलेला असतो. म्हणून पहिलं काम सोपं आहे: जागेपणी आणि झोपेत मागे हलकासा आवाज राहू द्या.

कोणता आवाज? पावसाचा, ओढ्याचा, पंख्याचा, म्हणजे एकसारखा चालणारा, शब्द नसलेला आणि चाल नसलेला. बातम्या किंवा मालिका नकोत, त्यांच्यामागे मन धावतं. फोनला छोटा स्पीकर जोडा आणि तो उशाशी नाही, खोलीत दोन-तीन मीटर लांब ठेवा. रात्री इअरफोन घालू नका.

किती मोठा? इथे बहुतेकांची चूक होते. शून्यापासून सावकाश वाढवत न्या. एक जागा येते जिथे बाहेरचा आवाज आणि टिनिटस एकमेकांत मिसळू लागतात. तिथून एक पायरी खाली या. दोन्ही ऐकू आले पाहिजेत. टिनिटस पूर्ण झाकला तर त्या वेळेपुरतं बरं वाटतं, पण जो आवाज ऐकूच येत नाही त्याची मेंदूला सवय लागत नाही, आणि स्पीकर बंद केला की तो दुप्पट जोराने परतल्यासारखा वाटतो.

टायमर लावू नका. एक वाजता आवाज बंद झाला की शांततेनेच जाग येते. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा स्पीकर घ्या. आणि एकदा निवडलेला आवाज निदान दोन आठवडे बदलू नका. रोज नवा आवाज शोधणं हीसुद्धा एक चाचपणीच.

एवढ्यावर टिनिटसचा त्रास सुटतो, असा दावा कुणी केला तर सावध राहा. नुसत्या आवाजाच्या उपायांबद्दलचा पुरावा तोकडा आहे. हा पुढच्या कामाला दिलेला टेकू आहे.

रात्र

टिनिटसमुळे झोप येत नाही, असं सगळे म्हणतात. बारकाईने पाहिलं तर पुष्कळदा झोपेबद्दलच्या भीतीने झोप येत नाही आणि जागेपणी टिनिटस सोबतीला असतो. त्यामुळे निद्रानाशावरचे उपाय इथे जसेच्या तसे लागू पडतात.

आधी एक आठवडा साधी नोंद करा: अंथरुणावर कधी पडलो, अंदाजे किती झोप झाली, कधी उठलो. घड्याळ पाहून नाही, सकाळी अंदाजाने. समजा रोज साडेआठ तास अंथरुणात जातात आणि झोप सरासरी ५ तासच होते. मग अंथरुणातला वेळ कमी करायचा: सरासरी झोप अधिक अर्धा तास, म्हणजे साडेपाच तास. याच्या खाली कधीच जायचं नाही. उठायची वेळ ६ ठरली तर पाठ टेकायची रात्री साडेबाराला, रविवारीसुद्धा. त्याआधी कितीही पेंग आली तरी गादीवर जायचं नाही. पहिले सहा-सात दिवस जड जातात, दिवसा डोळे मिटतात. त्यानंतर झोप सलग होऊ लागते. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के वेळ झोप लागते असं आठवडाभर दिसलं की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा, पुढच्या आठवड्यात आणखी १५.

फिट येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असलेल्यांनी, ट्रक-बस चालवणाऱ्यांनी किंवा यंत्रावर काम करणाऱ्यांनी ही पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

झोप लागली नाही असं वाटून साधारण २० मिनिटं झाली की उठा. घड्याळ बघू नका, ते भिंतीकडे फिरवून ठेवा आणि फोन हाताला लागणार नाही इतका लांब ठेवा. मंद दिव्यात बसून काहीतरी कंटाळवाणं करा: कपड्यांच्या घड्या, गवार मोडणं, जुन्या मासिकाची पानं. पेंग आली की परत या. तीनदा उठावं लागलं तरी चालेल. अंथरुणात तळमळत पडून राहिलं की मेंदू गादी आणि धसका यांची जोडी जमवतो, आणि ती मोडायलाच हे उठणं आहे.

चहा सोडल्याने टिनिटस जातो असं नाही. एकदम बंद केला तर डोकं मात्र दुखतं. झोपेसाठी दुपारी चारनंतरचा टाळला तर पुरे. दारूने झोप लवकर लागते आणि मध्यरात्री मोडते, म्हणून तो मार्ग नको. अल्प्राझोलॅम किंवा क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची शरीराला सवय लागते, आणि त्या एकदम थांबवल्या की बेचैनी व टिनिटस दोन्ही उफाळू शकतात. सुरू असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या.

विचारांची वही

टिनिटसच्या त्रासावर सगळ्यांत भक्कम पुरावा सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी) या मानसोपचारपद्धतीचा आहे. २०२० साली कॉक्रेन संस्थेने २८ अभ्यास आणि २,७३३ लोकांची माहिती एकत्र तपासली. उपचार न मिळालेल्यांच्या तुलनेत सीबीटी घेतलेल्यांचा टीएचआय सरासरी साधारण ११ गुणांनी कमी झाला. ७ गुणांचा फरक माणसाला रोजच्या जगण्यात जाणवतो असं धरतात. आवाज मात्र सीबीटीने कमी होत नाही, आणि हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नाहीतर तो चौथ्या आठवड्यात ‘आवाज तर तेवढाच आहे’ म्हणून सोडून देतो.

घरी करता येण्याजोगा भाग म्हणजे वही. त्रास उसळला की पाच गोष्टी लिहा. एक नमुना:

प्रसंग: मंगळवार, पहाटे सव्वादोन. बाथरूमला उठलो, परत झोप नाही.
मनात आलेलं वाक्य: ‘हा आवाज असाच वाढत जाणार आणि मी नोकरी करू शकणार नाही.’ त्यावर विश्वास ९० टक्के.
भावना: भीती ८०, छातीत धडधड.
पडताळा: सात महिन्यांतले दोन्ही ऑडिओग्राम सारखे आहेत. डॉक्टरांच्या कागदावर ‘धोक्याचं काही नाही’ लिहिलंय. रविवारी भाचीच्या बारशात दोन-अडीच तास आवाजाची आठवणही नव्हती. दुसरी बाजू: सोमवारी हिशेबात दोन चुका झाल्या.
नवं वाक्य: ‘आत्ता घर शांत आहे म्हणून मोठा वाटतोय. उद्या थकवा असेल, काम थोडं हळू होईल, पण होईल.’ विश्वास ६० टक्के, भीती आता ५०.

भीती ८० वरून थेट ० वर यायची अपेक्षा ठेवू नका. ५० वर आली की माणूस कूस बदलून झोपू शकतो. वही फसते ती दोन कारणांनी. एक, लोक ‘मी ठणठणीत आहे, सगळं छान होणार’ अशी वाक्यं लिहितात आणि मनाला ती पटत नाहीत. नवं वाक्य खरं असलं पाहिजे, गोड नाही. दोन, पडताळ्यात दुसरी बाजू लिहायची टाळतात. सोमवारच्या दोन चुका लिहिल्या म्हणूनच वरचं वाक्य टिकतं.

लक्ष हलवायचा सराव दिवसा करा, रोज १० मिनिटं. डोळे मिटून अर्धा मिनिट मुद्दाम टिनिटस ऐका. मग अर्धा मिनिट तळपायांना जमिनीचा स्पर्श कसा होतोय ते पाहा. मग बाहेरचा एखादा आवाज: रिक्षा, कोकिळा, शेजारच्यांचं मिक्सर. पुन्हा टिनिटस. यात तो नाहीसा करायचा नाही, लक्ष आपल्या हातात आहे हे मेंदूला दाखवायचं. पहिले काही दिवस लक्ष परत तिकडेच ओढलं जाईल. ते आणायचं, रागावायचं नाही.

टाळाटाळीवर पायऱ्यांची शिडी. लग्नाच्या हॉलची धास्ती असेल तर आधी घरात रेडिओ लावून जेवण, मग वर्दळीच्या उडप्याकडे चहा, मग भाजी मंडईत अर्धा तास, मग लग्नात जेवणापुरतं, शेवटी पूर्ण लग्न. एकेक पायरी धास्ती निम्म्याने उतरेपर्यंत पुन्हापुन्हा करायची. पळून यावंसं वाटेल त्याच क्षणी निघालं तर मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. थोडं थांबून, धडधड उतरल्यावर निघा.

शरीर सैल करणं

यासाठी दिवसातली १५ मिनिटं पुरेत. नाकाने श्वास घेताना मनात ४ मोजा, सोडताना ६, पाच मिनिटं. मग मुठी ५ सेकंद आवळा आणि १५ सेकंद सैल सोडा. तसंच खांदे, कपाळ आणि पिंढऱ्या. जबडा आवळू नका, फक्त सैल सोडा. दात खाण्याची सवय आणि आखडलेली मान यांमुळे काहींचा टिनिटस चढतो. तोंड उघडताना किंवा मान वळवताना आवाज बदलत असेल तर दंतवैद्य किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. हा सराव टिनिटस घालवायला केला तर फसतो, कारण मग प्रत्येक श्वासाला तो गेला का हे तपासलं जातं.

घरातल्यांनी काय करायचं

‘अहो, आज आवाज कसा आहे?’ हा काळजीपोटी रोज सकाळी विचारलेला प्रश्न चाचपणीच करायला लावतो. त्याऐवजी ‘आज संध्याकाळी पायी जाऊन येऊ या का?’ असं विचारा. ‘सगळं मनाचे खेळ आहेत’ म्हणू नका, आवाज त्यांना खरोखर ऐकू येतो. मागच्या खोलीतून हाका मारू नका. समोर या, चेहरा दिसू द्या, मग बोला. घरभर सगळ्यांनी चवड्यांवर चालायचीही गरज नाही. नेहमीच्या आवाजांची सवय ठेवणं त्यांच्याच फायद्याचं आहे.

गोंगाट, आणि आवाज उसळतो ते दिवस

८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तासांची मर्यादा धरतात. पातळी ३ डेसिबलने चढली की सुरक्षित वेळ निम्मी होते. मीटर नसेल तर हा अंदाज धरा: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कान झाका. विसर्जन मिरवणुकीतला डीजे, दिवाळीतले सुतळी बॉम्ब आणि ग्राइंडरचं काम यांत फोमचे बोळे वापरा: बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत ३० सेकंद धरून ठेवा. तिथून बाहेर पडताच काढा. घरी, ऑफिसात, बसमध्ये ते नकोत.

सर्दी, दोन रात्रींचं जागरण, भांडण किंवा मिरवणूक यांनंतर आवाज उसळतो आणि ‘सगळं पहिल्यापासून सुरू झालं’ असं वाटतं. ही उसळी बहुधा काही दिवसांत बसते. तेवढे दिवस नवा उपाय, नवा डॉक्टर, इंटरनेटवरचा शोध नको. रात्रीचा स्पीकर, ठरलेली उठायची वेळ, वही आणि ठरलेली कामं तशीच चालू ठेवा. ऐकणंच कमी झालं असेल तर मात्र वर सांगितल्याप्रमाणे लगेच तपासणी.

तज्ज्ञ केव्हा आणि कुठे

सहा ते आठ आठवडे मनापासून करूनही टीएचआय ५८ च्या वरच असेल, किंवा आधी सांगितलेल्या पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ यांपैकी एकीत जरी १० किंवा त्याहून जास्त गुण येत असतील, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि थेट विचारा, ‘तुम्ही सीबीटी करता का? टिनिटस किंवा निद्रानाशाचे रुग्ण पाहिलेत का?’ भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का तेही विचारा. साधारण ८ ते १२ बैठका धरा. ऐकण्याच्या तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था या केंद्र सरकारच्या संस्था आहेत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी आपल्या जीपीकडून ऑडिओलॉजीकडे पाठवून घ्यावं. तिथल्या नाइस (उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणारी संस्था) या संस्थेच्या २०२० च्या सूचनांत त्रासदायक टिनिटससाठी ऑनलाइन सीबीटी, मग गटात उपचार, मग तज्ज्ञासोबत एकास-एक उपचार अशी चढती रचना सुचवली आहे.

उदासपणा खोल असेल तर मानसोपचारतज्ज्ञ एसएसआरआय प्रकारची गोळी देतील. ती टिनिटसची गोळी नाही, नैराश्याची आहे. नैराश्य उतरलं की तोच आवाज पेलवतो. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी वाढल्यासारखी वाटली तर डॉक्टरांना कळवा, गोळी गुपचूप सोडू नका.

‘यापेक्षा नको हे जगणं’ असं मनात येत असेल तर एकटे राहू नका. घरातल्या एका माणसाला आत्ता सांगा आणि टेली मानसच्या १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. सोबतच्यांनी त्या काळात घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशकं कुलपात ठेवावीत.

सुधारणा कशी दिसते ते माहीत असू द्या, म्हणजे ती नजरेतून निसटणार नाही. बहुधा आधी झोप सावरते. मग दिवसात अर्धा तास असा सापडतो ज्यात आवाजाची आठवण नव्हती, आणि ते नंतर ध्यानात येतं. मग तसे दोन तास. कान देऊन ऐकलं तर तो तिथेच असतो, पण चमकायला होत नाही. बाराव्या आठवड्यात टीएचआय पुन्हा भरा आणि पहिल्या आकड्याशी ताडून पाहा. फरक ७ गुणांपेक्षा कमी असेल तर तीन गोष्टी तपासा: श्रवणयंत्र लागतं पण वापरलं जात नाही का, झोपायची वेळ रविवारी घसरते का, आणि बाथरूमचं दार लावून ऐकणं अजून चालू आहे का.